खाड्याचा हिशेब

खदानीत काम करणाऱ्याच्या घरी 'खाडा' हा शब्द लहान पोरांनाही कळतो. पाळीला गेलं नाही, हजेरी लागली नाही, की खाडा. महिनाअखेरीला तो पगारातून वजा होतो आणि किराण्यापासून शाळेच्या फीपर्यंत काहीतरी पुढच्या महिन्यावर ढकलावं लागतं. अशा घरातल्या पोरानं खेळायचं मनावर घेतलं, तर त्याच्या अंगात किती गुण आहेत हा प्रश्न फार उशिरा येतो. खेळण्यात जो वेळ जाईल त्याची भरपाई कोण करणार, हा प्रश्न आधी दारात उभा असतो.

नागपूरहून छिंदवाडा रस्त्यानं निघालं की कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात, पुढे खापरखेड्याच्या. झाडांच्या पानांवर बारीक करडा थर बसलेला असतो. पावसाळ्यात तो धुतला जातो आणि दिवाळीपर्यंत परत येतो. याच पट्ट्यात वलनीची कोळशाची खाण. वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये आहे, पण शहरातल्या बहुतेक माणसांनी खाण आतून कधी पाहिलेली नसते. उमेश यादव या वलनीच्या वसाहतीत वाढला. २५ ऑक्टोबर १९८७ चा जन्म. वडील उत्तर प्रदेशातून कामासाठी इकडे आले, अंगानं पैलवान गडी, आणि आयुष्यभर कोळशाच्या खाणीत राबले. त्यांच्या या मुलानं भारताकडून ५७ कसोटी सामने खेळून १७० बळी घेतले. विदर्भाकडून खेळत खेळत कसोटी संघापर्यंत पोहोचलेला तो पहिला खेळाडू.

ही कारकीर्द आपल्याकडे 'गरिबीतून वर आलेला पोट्टा' या एका ओळीत सांगून संपवली जाते. मला ती ओळ कधीच पुरेशी वाटली नाही. ती कशी सांगावी, याचा धागा मला भलत्याच खेळात सापडला. तो खेळ रग्बी लीग, आणि त्यातला माणूस म्हणजे फॉरवर्ड.

रग्बीचे दोन प्रकार आहेत, हेही आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नसतं. पंधरा जणांची युनियन आणि तेरा जणांची लीग. लीगमध्ये त्या तेरांतले सहा फॉरवर्ड. त्यातही सगळ्यांत पुढचे दोघे प्रॉप, शब्दशः टेकू. चेंडू हातात आला की प्रॉपनं समोरच्या माणसांच्या भिंतीवर सरळ धावून जायचं. चुकवायचं नाही, वळसा घ्यायचा नाही. दोघं-तिघं मिळून त्याला आडवा करतात. तो उठतो, चेंडू पायानं मागं सारतो आणि डाव पुढं सरकतो. अशी सहा वेळा पकड झाली की चेंडू समोरच्या संघाकडे जातो. एवढ्या आदळआपटीतून मिळतात आठ-दहा मीटर. मग त्या मीटरांच्या जोरावर मागचे चपळ गडी कडेनं पळतात, गुण मिळवतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो त्यांचा येतो. कबड्डीत कव्हरच्या गड्यानं आधी धक्का देऊन चढाई मोडावी आणि पकडीचा गुण कोपऱ्यातल्याच्या नावावर जावा, तसंच काहीसं.

हा खेळ निघालाच मुळी खाड्यातून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशर आणि लँकशर भागात रग्बी खेळणारे बरेचसे खाणकामगार आणि गिरणीकामगार होते. शनिवारच्या सामन्यासाठी पाळी सोडावी लागे, मजुरी बुडे. क्लबांनी म्हटलं, या बुडालेल्या मजुरीपुरते तरी पैसे खेळाडूला देऊ द्या. लंडनच्या बाजूचे, खाऊनपिऊन सुखी असलेले संघटनेचे धुरीण म्हणाले, खेळ हा हौसेचा; पैसे नाहीत म्हणजे नाहीत. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि वेगळे झाले. भांडण किती रकमेचं होतं? दिवसाला सहा शिलिंग. पुढे १८९८ मध्ये त्यांनी खेळासाठी उघड मोबदला द्यायला परवानगी दिली, पण अट अशी, की खेळाडूला बाहेर रीतसर नोकरी असलीच पाहिजे. ती अट जायला १९०५ साल उजाडलं. तेरा खेळाडूंचा नियम त्यानंतरच्या वर्षीचा.

या फॉरवर्डच्या आयुष्यावर डेव्हिड स्टोरी या लेखकानं १९६० मध्ये 'धिस स्पोर्टिंग लाइफ' ही कादंबरी लिहिली. तीन वर्षांनी तिच्यावर सिनेमाही झाला. स्टोरी स्वतः वेकफील्डच्या खाणकामगाराचा मुलगा. लंडनला चित्रकला शिकत असताना तो लीड्सच्या दुय्यम संघाकडून रग्बी लीग खेळायचा. आठवडाभर रंग आणि ब्रश, शनिवारी चिखल. पोरानं खाणीत उतरू नये एवढ्यासाठी बापानं हाडाची काडं केली, आणि पोराला मात्र आपण करतो ते काम आहे की चैन, हेच कळेना. ती टोचणी त्या पुस्तकात पानोपानी आहे.

त्या भागात गमतीनं सांगतात, की संघाला फॉरवर्ड हवा असेल तर खाणीच्या तोंडाशी उभं राहून शीळ घालावी, एक वर येतो. आता खरी गंमत पुढे आहे. शेजारच्या नॉटिंगहॅमशरमध्ये हीच गोष्ट सांगतात, तिथं फक्त फॉरवर्डच्या जागी वेगवान गोलंदाज वर येतो. हॅरॉल्ड लारवूड चौदाव्या वर्षी खाणीत कामाला लागला होता. १९३२-३३ च्या बॉडीलाइन मालिकेत त्यानं ३३ बळी घेतले, कर्णधारानं सांगितलं तशी गोलंदाजी केली, आणि त्यानंतर इंग्लंडकडून पुन्हा एकही कसोटी खेळला नाही. कर्णधार सधन घरातला, गोलंदाज खाणीतला. किंमत कुणी मोजली ते उघड आहे. आणि फ्रेड ट्रूमन तर मराठी माणसाला विसरणं शक्य नाही. यॉर्कशरच्या खाणकामगाराचा मुलगा. जून १९५२, हेडिंग्ले, त्याची पहिलीच कसोटी. भारताचा दुसरा डाव शून्यावर चार बाद. पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री, विजय मांजरेकर. चारांतले तीन ट्रूमनचे. दादरच्या हिंदू कॉलनीत वाढलेल्या माधव मंत्रींच्या यष्ट्या उडवणारा तो चेंडू एका परीनं कोळशाच्या खाणीतूनच आला होता.

एकाच खाणीच्या तोंडातून रग्बीचा फॉरवर्ड आणि क्रिकेटचा वेगवान गोलंदाज दोघे वर येतात, कारण दोघांचं काम एकाच जातीचं आहे. भिंतीवर धावून जायचं, अंग झिजवायचं, परत मागं चालत येऊन तेच करायचं.

आणि वलनीच्या खाणीवर शीळ घालायलाही कुणी उभं नव्हतं.

उमेश वीस वर्षांचा होईपर्यंत टेनिस बॉलनंच खेळला. आपल्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धांचं एक स्वतंत्र जग आहे: नगरसेवकांचे चषक, रोख बक्षिसं, फटफटीच्या उजेडात रंगलेले अंतिम सामने. तिथं वेगाला मान आहे आणि यॉर्करला भाव. पण ते नाव मैदानाच्या कुंपणाबाहेर जात नाही. वडिलांना मुलासाठी सरकारी नोकरी हवी होती. उमेशनं सैन्यात जायचा प्रयत्न केला, जमलं नाही. पोलिस शिपायाच्या भरतीत थोडक्यात हुकला. महाविद्यालयाच्या संघात घ्यावं, तर आधी कुठल्या क्लबकडून खेळल्याची नोंद नाही. मग विदर्भ जिमखाना क्लब, आणि तिथं २००७ च्या सुमारास लेदरचा चेंडू पहिल्यांदा नीट हातात आला.

मुंबईत दहाव्या वर्षी पोरगा शिवाजी पार्कच्या नेटमध्ये लेदर बॉल टाकायला लागतो. उमेशला ते दहा वर्षांचं शिक्षण एकदम भरून काढायचं होतं. टेनिसचा चेंडू हलका. तो दणकन आपटला की काम होतं. मनगट कसं सुटलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. लेदरच्या चेंडूला शिवण असते. पहिली दोन बोटं त्या शिवणीच्या दोन्ही अंगांना, अंगठा खाली, आणि चेंडू सुटताना मनगट त्याच्या बरोबर मागं. मनगट एवढंसं कलंडलं तरी शिवण डुगडुगते आणि चेंडू सरळ जातो. ती उभी राहिली तर उजव्या फलंदाजापासून शेवटच्या क्षणी बाहेर निघतो. उमेशचा आउटस्विंग असा उशिरा निघायचा, ताशी १४० किलोमीटरच्या वेगानं. ही देणगी होती. टप्पा मात्र पुष्कळ दिवस भरकटत राहिला, आणि त्यासाठी तो कायम बोलणी खात आला. सुरुवात किती उशिरा झाली याचा हिशेब बोलणाऱ्यांनी कधी मांडला नाही.

प्रीतम गंधे तेव्हा विदर्भाचे कर्णधार, स्वतः फिरकी गोलंदाज. त्यांनी हा वेग पाहिला आणि पोराची पाठ धरली. ३ नोव्हेंबर २००८ रोजी मध्य प्रदेशाविरुद्ध उमेश रणजीत उतरला. त्याच आठवड्यात वर्धा रोडवर जामठ्याच्या नव्या मैदानावर पहिली कसोटी होत होती, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया, सौरव गांगुलीची शेवटची. नागपूरचं सगळं लक्ष तिकडे. इकडे पहिल्याच डावात या नवख्यानं चार बळी घेतले होते. प्रशिक्षक म्हणून सुब्रतो बॅनर्जी भेटले, स्वतः भारताकडून वेगवान गोलंदाजी केलेले. त्यांच्या हाताखाली ते मनगट घडलं.

पुढचं फार वेगात झालं. २०१० मध्ये आयपीएलमध्ये दिल्ली, त्याच वर्षी मे महिन्यात झिम्बाब्वेत पहिला एकदिवसीय सामना, नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीच्या कोटलावर वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी. लेदरचा चेंडू हातात घेतल्याला जेमतेम चार वर्षं झाली होती. जानेवारी २०१२ मध्ये पर्थला ९३ धावांत ५ बळी. तो सामना भारतानं डावानं गमावला, डेव्हिड वॉर्नरनं १८० केल्या, त्यामुळे ते पाच बळी कुणाच्या लक्षात नाहीत. याला मी प्रॉपचे मीटर म्हणतो.

वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय क्रीजवर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्या एका पायावर येतो, आणि तिथून गुडघा, कंबर, पाठ असा वर चढतो. दिवसाला वीस षटकं म्हणजे असे एकशे वीस हादरे. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये अहमदाबादला इंग्लंडविरुद्ध निर्जीव खेळपट्टीवर जुना चेंडू रिव्हर्स करून त्यानं चार जण टिपले, आणि पाठ गेली. पुढचे कित्येक महिने बाहेर. डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला आपल्या चौथ्या षटकात पोटरी धरून बाहेर चालत गेला, दौरा तिथंच संपला. हेही खाडेच.

मधल्या काळात त्यानं किती ओढलं ते पाहा. २०१५ च्या विश्वचषकात ८ सामन्यांत १८ बळी, भारताकडून सर्वाधिक. उपांत्यपूर्व फेरीत बांगलादेशाविरुद्ध ३१ धावांत ४, उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ७२ धावांत ४. तो उपांत्य सामना आपण हरलो. मग २०१६-१७ चा मायदेशातला हंगाम. तेरा कसोटींपैकी बारा उमेश खेळला. भारतातली कसोटी फिरकीची असते, हे सगळ्यांना माहीत आहे. मग वेगवान गोलंदाजाचं काम काय? सकाळी नवा चेंडू घेऊन पाच-सहा षटकं टाकायची, चेंडूची लकाकी एका बाजूला सांभाळायची, आणि मग तो अश्विन-जडेजाच्या हाती द्यायचा. दुपारी ऊन डोक्यावर, खेळपट्टीत जीव नाही, दोघे फलंदाज जमलेले, अशा वेळी कर्णधार पुन्हा हाक मारतो. जुना, खरबरीत झालेला चेंडू आणि चार षटकं. त्यात एखादी जोडी फुटली की पुन्हा फिरकी. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या त्या चार कसोटींत उमेशनं असे १७ बळी काढले.

जामठ्याला त्याला गोलंदाजी करताना पाहणं हा आम्हा नागपूरकरांचा हक्काचा आनंद. धावत येताना तो कुठंही घाई करत नाही. खांदे रुंद, पावलं जड आणि एकसारखी, शेवटच्या उडीत छाती उघडते आणि हात कानाला घासून खाली येतो. चेंडू टाकून झाला की तो फलंदाजाकडे फारसा बघतही नाही. घाम शर्टाच्या बाहीला पुसतो, चेंडू मांडीला घासतो, वळतो आणि चालायला लागतो. खाणीतल्या पाळीत टोपलं रिकामं करून परत भरायला निघालेल्या माणसाची चाल अशीच असावी, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

परदेशात मात्र बाक. बुमराह, शमी, इशांत, भुवनेश्वर अशी रांग लागली होती. २०१८ च्या इंग्लंड दौऱ्यात पाचपैकी एक कसोटी, त्याच वर्षअखेरीच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात चारपैकी एक. त्या दोन्ही कसोटी संघ हरला आणि हा बाहेर बसला. या दोन दौऱ्यांच्या मधे ऑक्टोबरात हैदराबादला वेस्ट इंडिजविरुद्ध त्यानं सामन्यात दहा बळी घेतले होते. मायदेशातल्या कसोटीत दहा बळी घेणारा कपिल देव आणि श्रीनाथ यांच्यानंतरचा तिसराच भारतीय वेगवान गोलंदाज. दोन महिन्यांत पुन्हा बाक. मला हे पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

त्या बाकावरून उठून तो कुठं आला? विदर्भाकडे. २०१७-१८ चं विदर्भाचं पहिलं रणजी विजेतेपद फैज फजलच्या नेतृत्वाखाली आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांच्या शिस्तीत आलं. अंतिम सामन्याला उमेश नव्हता, भारतीय संघासोबत दक्षिण आफ्रिकेला निघाला होता. पुढच्या वर्षी मात्र होता. जानेवारी २०१९, केरळमधल्या वायनाडचं कृष्णगिरी मैदान, उपांत्य सामना. हिरवी खेळपट्टी, डोंगरावरची गार हवा. केरळ १०६ आणि ९१. उमेश ४८ धावांत ७ आणि ३१ धावांत ५. पाच दिवसांचा सामना दुसऱ्याच दिवशी संपला. पुढे जामठ्यावर सौराष्ट्राला हरवून चषक पुन्हा नागपुरात राहिला. सिडनीला बसून काढलेल्या दिवसांचं व्याज त्यानं कृष्णगिरीला वसूल केलं.

एकदा मात्र हा माणूस निव्वळ मजेत खेळताना दिसला. ऑक्टोबर २०१९, रांची, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. तळाला फलंदाजीला आला आणि १० चेंडूंत ३१ धावा, त्यात पाच षटकार. कर्णधार कोहली ड्रेसिंग रूममध्ये लहान पोरासारखा नाचत होता. कुणी हिशेब मागत नाही अशा जागी उमेश किती मोकळा होता, ते त्या दहा चेंडूंत दिसलं.

आता पुन्हा खाड्याकडे. सप्टेंबर २०२१ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळानं स्थानिक क्रिकेटपटूंच्या मानधनाचे नवे दर जाहीर केले. रणजीत चाळीसहून अधिक सामने खेळलेल्याला दिवसाला ६० हजार रुपये, त्याखालच्यांना ५० आणि ४० हजार. त्याच घोषणेत आणखी एक गोष्ट होती, ती फारशी वाचली गेली नाही. करोनामुळे २०२०-२१ ची रणजी स्पर्धा झालीच नव्हती. १९३४-३५ पासून पहिल्यांदाच असं घडलं. आदल्या हंगामात खेळलेल्यांना त्या बुडालेल्या हंगामापोटी सामना मानधनाची निम्मी रक्कम भरपाई म्हणून मिळणार होती. जॉर्ज हॉटेलात सव्वाशे वर्षांपूर्वी जी मागणी झाली, तीच. आयपीएलच्या लिलावाचे आकडे आपण तोंडपाठ करतो. मला विचाराल, तर खाणीच्या वसाहतीतल्या पोराला खेळात टिकवणारा निर्णय हा आहे. करारात नाव नसलेला, आयपीएल कधी न मिळणारा, तरीही दहा वर्षं राज्याकडून षटकं टाकणारा गोलंदाज या पैशावर घर चालवतो.

उमेशच्या वडिलांची सरकारी नोकरीची इच्छाही पुरी झाली. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या नागपूर कार्यालयात क्रीडा कोट्यातून सहायक व्यवस्थापकाचं पद त्याला मिळालं. तोवर तो तीसेक कसोटी खेळून चुकला होता. तरीही त्या घरात या नियुक्तीचं वजन किती असेल, हे खदानीच्या पट्ट्यात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. शिपायाच्या भरतीत जो पोरगा हुकला होता, त्याच्यासाठी हे दार उघडलं ते वेगवान गोलंदाजीनं.

२०२१ च्या सप्टेंबरात, मेलबर्नच्या त्या पोटरीनंतर नऊ महिन्यांनी, ओव्हलला त्याला कसोटी मिळाली. दोन्ही डावांत तीन-तीन बळी, भारत १५७ धावांनी जिंकला, १५० बळींचा टप्पाही तिथंच ओलांडला. पुढे कधी खेळला, कधी बसला. जून २०२३ मध्ये त्याच ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध जागतिक कसोटी स्पर्धेचा अंतिम सामना. ती सत्तावन्नावी. जुलैतल्या वेस्ट इंडिज दौऱ्याच्या संघात नाव नव्हतं.

पण मला त्याचं इंदूर आठवतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ आला. पहिली कसोटी जामठ्याला, उमेशच्या घरच्या मैदानावर. अकरांत शमी आणि सिराज. दुसरी दिल्लीला, तेच. दिल्लीची कसोटी आटोपल्यावर तीन-चार दिवसांत वडील गेले. बरेच दिवस आजारी होते. इंदूरची कसोटी १ मार्चला सुरू झाली, आणि या वेळी उमेश अकरांत होता. तेरा दिवसही झाले नव्हते.

भारताचा डाव पहिल्याच दिवशी १०९ वर आटोपला. उमेशनं येऊन १३ चेंडूंत १७ काढल्या, त्यात दोन षटकार. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑस्ट्रेलिया चार बाद १८६ वर, हँड्सकोम्ब आणि ग्रीन जमलेले. खेळपट्टी फिरकीची, धूळ उडत होती, आणि कर्णधारानं चेंडू उमेशकडे दिला. ग्रीन पायचीत. मग स्टार्क. राउंड द विकेट टाकलेला चेंडू, स्टार्कची बॅट यायच्या आत गेला, आणि ऑफ स्टंप जमिनीतून उपटून कोलांट्या घेत मागं पडला. मग मर्फी, तोही त्रिफळाचित. पाच षटकांत १२ धावा, तीन बळी. दुसऱ्या टोकानं अश्विननं तीन उडवले. अकरा धावांत सहा गडी, सगळे बाद १९७. भारतातल्या कसोटींमधला उमेशचा शंभरावा बळी याच डावातला. त्याच्याआधी फक्त कपिल, श्रीनाथ, झहीर आणि इशांत या चार वेगवान गोलंदाजांनी तिथवर मजल मारली होती. भारत तो सामना नऊ गड्यांनी हरला.

स्टार्कचा स्टंप उडाल्यावर सगळे धावत आले, पाठीवर थापा पडल्या. उमेश किंचित हसला. स्टंप पुन्हा रोवला गेला. त्यानं चेंडू हातात घेतला, मांडीला घासला, आणि मान खाली घालून रन-अपच्या खुणेकडे चालत निघाला.